गुत्तीची कात

पहिल्यांदा तिला पाठीवर पडलेलं पाहिलं तेव्हा लीड्समध्ये रात्रीचे पावणेतीन वाजले होते, सोलापुरात सकाळचे सव्वासात. ती मेली असं समजून मी घरी फोन लावला.

"बाबा, गुत्ती गेली."

"गुत्तीत कोण गेलं?"

"गुत्तीत नाही. गुत्ती. माझी कोळीण."

मागून आईचा आवाज आला, "कोळीण कोण आणि? विचारा त्याला."

मराठीत कोळ्याच्या मादीला धड शब्द नाही ही अडचण मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवली. मी समजावून सांगेपर्यंत काचेच्या पेटीत हालचाल झाली. पाठीवर पडलेल्या त्या जीवाचा एक पाय हळूच आत ओढला गेला. ती मेली नव्हती, कात टाकत होती.

पुढे वाचून कळलं की मरणारा टॅरंटुला असा पडत नाही. कोळ्याच्या पायांत आत वळवणारे स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ करायला स्नायूच नसतात. पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबानं, जेसीबीचा हात उचलला जातो तसे. जीव गेला की दाब जातो आणि आठही पाय पोटाखाली मुठीसारखे मिटतात. पाठीवर पाय पसरून पडलेला टॅरंटुला बहुतेक वेळा आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम करत असतो, आणि त्या वेळी माणसानं करायची एकच गोष्ट म्हणजे हात न लावणं.

आता नावाबद्दल.

मी सोलापूरचा. बाबा मालगाडीचे गार्ड होते. पास असायचा, त्यामुळे दर दोन वर्षांनी तिरुपती ठरलेलं. वाडी, रायचूर, गुंतकल. गुंतकल सोडलं की अर्ध्या तासात गुत्ती येतं. बाबा मला उठवून खिडकीतून डोंगरावरचा किल्ला दाखवायचे आणि म्हणायचे, "हा आपल्या मुरारराव घोरपड्यांचा." १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात अडकलेल्या क्लाइव्हच्या मदतीला निघालेली मराठी फौज याच मुराररावांची. १७७६ मध्ये हैदरअलीनं गुत्तीला वेढा दिला. गडावरचं पाणी संपलं आणि मुराररावांना गड सोडावा लागला. हैदरच्या कैदेतच, कब्बळदुर्गावर, त्यांचा शेवट झाला. बाबा हे सगळं गाडी हलायच्या आत सांगून संपवायचे. मला तेव्हा इडलीत जास्त रस होता.

मग २०२२ मध्ये, लीड्सच्या एका ऑफिसात नोकरीला लागून वर्ष झालं असताना, टॅरंटुला पाळणाऱ्या एका सहकाऱ्याच्या घरी गेलो. एका पेटीवर चिठ्ठी होती: 'गुटी सफायर'. आत हाताच्या पंजाएवढा, विजेसारखा निळा कोळी. मी विचारलं, "गुटी म्हणजे कुठलं?" तो म्हणाला, "इंडियातलं कुठलं तरी गाव." मी नकाशा उघडला आणि गप्प झालो. गुटी म्हणजे गुत्ती. आमच्या इडलीचं गुत्ती.

ब्रिटनमध्ये टॅरंटुला पाळायला परवाना लागत नाही. महिन्याभरात दोन इंचाचं एक पिल्लू मी घरी आणलं. नाव ठेवायला वेळ लागला नाही.

या कोळ्याचं शास्त्रीय नाव पोईसिलोथेरिया मेटॅलिका. ते ठेवलं रेजिनाल्ड इनिस पोकॉक यांनी. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात कोळी, विंचू आणि गोमींचा विभाग ते सांभाळायचे. हिंदुस्थानातून येणारे नमुने त्यांच्या टेबलावर यायचे. त्यातलाच एक गुत्तीहून आलेला होता. एकच, मादी. १८९९ मध्ये त्यांनी तिचं वर्णन छापलं ते आपल्या मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात. पुढच्याच वर्षी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत हिंदुस्थानातल्या कोळी-विंचवांवरचा त्यांचा जाडजूड खंड आला. आपल्याकडच्या कितीतरी टॅरंटुलांच्या नावापुढे आजही पोकॉक हे आडनाव लागतं ते त्यामुळे.

मात्र या नोंदीत एक गोची होती. ती मादी सापडली होती रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. हा झाडावर राहणारा कोळी आहे, जुन्या उंच झाडांच्या ढोलीत. गुत्तीभोवती उघडे खडकाळ डोंगर. म्हणजे ती तिथली नव्हतीच. कुठल्यातरी जंगलात झाड पडलं, ओंडका वॅगनमध्ये चढला आणि ढोलीत बसलेली ही बाई विनातिकीट गुत्तीला उतरली, असा आजचे अभ्यासक अंदाज बांधतात. मुंबई आणि मद्रासकडून आलेले लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला जोडले गेले होते. रेल्वेची लाकडाची भूक मोठी होती, स्लीपरला लाकूड, जळणाला लाकूड. त्या भुकेपोटी तुटलेल्या हजारो झाडांतल्या एकाबरोबर एक कोळी विज्ञानाच्या हाती लागला. पत्ता मात्र चुकीचा नोंदला गेला.

चुकीच्या पत्त्यावर शोधलं की काय होतं ते आम्ही कोड लिहिणारे रोज अनुभवतो. १०२ वर्षं हा कोळी जंगलात कुणा अभ्यासकाला दिसला नाही. २००१ मध्ये तो परत सापडला, गुत्तीपासून साधारण १०० किलोमीटर पूर्वेला, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या पूर्व घाटातल्या जंगलात. त्या जंगलातूनही रेल्वेमार्ग जातो.

इथपर्यंतची गोष्ट मी पार्ट्यांमध्ये सांगतो आणि लोकांना ती आवडते. पुढची सांगत नाही.

परत सापडल्यावर काही वर्षांतच हा कोळी युरोप-अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांच्या पेट्यांमध्ये दिसू लागला. निळा रंग, दुर्मीळ, १०२ वर्षांनी सापडलेला. यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? कोणत्या परवान्यानं तो भारताबाहेर गेला हे सांगणारा कागद मला आजवर कुणी दाखवलेला नाही. २००८ मध्ये आययूसीएननं त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. माहीत असलेला अधिवास १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, त्यातही लाकूडतोड, आणि वर पाळणाऱ्यांसाठी होणारी पकड. २०१९ मध्ये जिनिव्हात झालेल्या साइट्सच्या परिषदेत पोईसिलोथेरियाची अख्खी प्रजातीच परिशिष्ट दोनमध्ये गेली. आता देशाबाहेर न्यायचा तर कागद हवेत.

माझी गुत्ती ब्रिटनमध्येच अंड्यातून बाहेर आलेली. विकणाऱ्याला मी विचारलं होतं, हिची आजी-पणजी कुठली? तो हसून म्हणाला, हे कुणी विचारत नाही. मीही पुढे विचारलं नाही. पिल्लू पिशवीत घातलं आणि बसमध्ये बसलो.

माणूस हा प्राणी घरात का आणतो? याचाही इतिहास आहे. 'टॅरंटुला' हे नाव इटलीच्या दक्षिणेकडच्या टारांटो शहरावरून आलं. मूळचा टॅरंटुला हा तिथला लांडगा-कोळी, आपल्या केसाळ कोळ्यांपेक्षा बराच लहान आणि वेगळ्याच कुळातला. तो चावला की माणूस वेड्यासारखा नाचतो आणि नाचूनच बरा होतो, अशी समजूत तिथे शतकानुशतकं होती. नाचणाऱ्यांत कापणीला राबणाऱ्या बायका पुष्कळ. १९५९ मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो हा अभ्यासक आपलं पथक घेऊन त्या भागात गेला आणि हे दुखणं कोळ्याच्या विषापेक्षा त्या बायकांच्या आयुष्याशी जास्त जोडलेलं आहे, असं त्यानं मांडलं. युरोपीय लोक अमेरिकेत पोचले आणि तिथल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना त्यांनी घरचंच भीतीचं नाव देऊन टाकलं.

१६९९ मध्ये मारिया सिबिला मेरियन ही ५२ वर्षांची चित्रकार स्वतःची चित्रं विकून, धाकट्या मुलीला घेऊन सुरीनामला गेली. किडे आणि त्यांची रूपांतरं जिवंतपणी पाहायची म्हणून. १७०५ मध्ये तिचं पुस्तक आलं. त्यात पेरूच्या फांदीवर एक केसाळ कोळी हमिंगबर्ड खाताना दाखवलाय. १७५८ मध्ये लिनियसनं त्या प्रकारच्या कोळ्याला पक्षी खाणारा अशा अर्थाचं नाव दिलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या काही विद्वानांनी बाईंचं चित्र कपोलकल्पित ठरवलं. मग हेन्री वॉल्टर बेट्स ॲमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षं राहून आला आणि १८६३ च्या आपल्या पुस्तकात त्यानं झाडाच्या फटीतल्या जाळ्यात अडकलेले दोन छोटे पक्षी आणि त्यांतल्या एकावर बसलेला कोळी यांचं वर्णन केलं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

त्याच पुस्तकात बेट्स आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला जास्त आवडते. त्याच्यासाठी किडे गोळा करणाऱ्या एका स्थानिक कुटुंबातली मुलं असाच एक कोळी कमरेला दोरी बांधून, कुत्रं फिरवावं तशी घरभर फिरवत होती. पाळीव टॅरंटुलाची याहून जुनी नोंद मी तरी वाचलेली नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठातल्या विल्यम बेर्ग यांनी टॅरंटुला वर्षानुवर्षं पाळले, त्यांच्याकडून स्वतःला चावून घेतलं आणि हे लोक समजतात तेवढे विषारी नाहीत हे दाखवलं. काही माद्या त्यांच्याकडे वीस वर्षांपेक्षा जास्त जगल्या. १९५८ मध्ये त्यांचं छोटेखानी पुस्तक आलं. आज आम्ही जे करतो, म्हणजे खाणं कधी दिलं, कात कधी टाकली याच्या तारखा लिहून ठेवणं, ते त्यांनी कागदावर केलं. मी स्प्रेडशीटमध्ये करतो.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये नोव्हेंबर २०२३ मधली एक ओळ लाल आहे.

त्या महिन्यात भाड्याच्या घराची मुदत संपली. घरमालकाला घर विकायचं होतं. त्याच आठवड्यात ऑफिसात मोठं रिलीझ. गुत्तीची पेटीही तिला लहान पडायला लागली होती, म्हणून मी ठरवलं की एकाच दगडात दोन पक्षी मारू: नवीन घर आणि नवीन पेटी एकदमच.

खरं तर सगळी लक्षणं समोर होती. तीन आठवडे तिनं झुरळाला तोंड लावलं नव्हतं. पोट टम्म आणि तुकतुकीत, बाकी रंग मळकट. कॉर्कच्या सालीची पोकळ नळी हे तिचं घर, आणि त्या नळीचं तोंड तिनं जाड जाळ्यानं बंद करून घेतलं होतं. कात जवळ आली की ती दार लावून घेते. याचा अर्थ मला माहीत होता. स्प्रेडशीटमध्येही लिहिलं होतं. तरी मी ते दार फाडलं.

टॅरंटुलाची पेटी बदलायची पद्धत अशी: जुनी पेटी एका मोठ्या टबात ठेवायची, म्हणजे सुटली तरी टबातच राहील. मऊ ब्रशनं मागच्या पायांना हळूच स्पर्श करायचा, पारदर्शक डबा पुढे धरायचा. या जातीला अंगावरचे बोचरे केस उडवता येत नाहीत. ती पळते, डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगानं. आणि अगदीच कोंडीत सापडली तर चावते. तिच्या विषानं माणूस मरत नाही, पण स्नायूंना गोळे येतात आणि दुखणं बरेच दिवस पुरतं. त्या रात्री ती पळाली नाही. नळीच्या टोकाला चिकटून बसली. मला वाटलं, किती शहाणी. खरं म्हणजे तिला पळणं झेपत नव्हतं.

बारा दिवसांनी तिनं कात टाकायला घेतली. नवी पेटी, नवा ओलावा, जाळ्याचं अंथरूण अर्धवट.

आपण मराठीत 'कात टाकली' हे कौतुकानं म्हणतो. एसटीनं कात टाकली, मराठी सिनेमानं कात टाकली. प्रत्यक्षात काय होतं ते एकदा बघा. जुन्या कवचाच्या आत नवं कवच आधीच तयार झालेलं असतं, घडी घातल्यासारखं, आणि दोन्हींच्या मध्ये द्रव. कोळी पोटातला द्रव पुढच्या भागात ढकलतो, दाब वाढतो आणि पाठीवरचं झाकण कडेनं उकलतं. मग हातमोज्यातून बोटं काढावीत तसे पाय एकेक करून, किंवा सगळे मिळून, बाहेर ओढायचे. फक्त बाहेरचं नाही, जठराचं आतलं अस्तर आणि पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांचंही अस्तर निघून येतं. बाहेर आल्यावर सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते आधी लाल, मग काळे होतात. तोवर ती काही खाऊ शकत नाही, उलट पेटीत राहिलेला एखादा रातकिडाही तिला कुरतडू शकतो. म्हणून या काळात जिवंत खाद्य आत ठेवत नाहीत.

सात पाय बाहेर आले. उजवीकडचा तिसरा अडकला.

मी चार तास पेटीसमोर बसलो होतो. पहाटे कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं अडकलेल्या जागी दोन-तीन थेंब सोडले, तेवढंच सुचलं. ओढायचं नाही हे माहीत होतं. नवी कातडी फाटली की निळसर रक्त वाहतं आणि थांबत नाही. (निळसर, कारण त्यात लोखंडाऐवजी तांबं असतं.) प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं तर आम्ही मागच्या आवृत्तीवर जातो. इथं मागे जायला काही नव्हतं. मागची आवृत्ती तिच्या शेजारी रिकामी पडली होती.

सकाळी सातच्या सुमारास तिनं स्वतःच तो पाय सोडून दिला. बुंध्याजवळ एक ठरलेला सांधा असतो, तिथून. जखम लगेच मिटली. मी ऑफिसला गेलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. आठ पायांपैकी एक गेला म्हणून सुट्टी कशी मागणार?

त्या रात्री बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाई कोणाला होती, तिला की तुला?" गार्डची नोकरी केलेला माणूस. आयुष्यभर सिग्नल पडल्याशिवाय हिरवा झेंडा दाखवला नाही.

वाळलेली कात मी साबणाच्या पाण्यात मऊ करून उलगडली. पोटाच्या आतल्या बाजूला मादीची खूण असते, ती भिंगातून दिसली. म्हणजे इतके दिवस अंदाजानं म्हणत होतो ती खरोखरच 'ती' होती. या जातीचे नर तीन-चार वर्षं जगतात, माद्या अकरा-बारा. सात महिन्यांनी तिनं पुन्हा कात टाकली. या वेळी नळीचं तोंड बंद झाल्यावर मी पेटीवर काळं कापड टाकलं आणि फक्त पाण्याची वाटी भरत राहिलो. दोन आठवड्यांनी ती बाहेर आली तेव्हा उजवीकडे तिसरा पाय होता. बारीक, आखूड, पण होता. आणि निळा होता. हा निळा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नसतो, केसांमधल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो दिसतो. २०१५ मधल्या एका अभ्यासानुसार टॅरंटुलांच्या कुळात असा निळा निदान आठ वेळा स्वतंत्रपणे उपजला. कशासाठी, यावर अजून एकमत नाही.

आता मी भारतात परत येतोय. पुण्यात नोकरी मिळाली आहे. सगळ्यांचा पहिला प्रश्न: गुत्तीला आणणार का? गंमत म्हणजे जिचे पूर्वज इथून गेले तिला इथं आणायला दोन्ही देशांचे कागद लागतील, आणि आणून करणार काय? तिला नंद्यालच्या जंगलात सोडता येणार नाही. कोणत्या कुळात कुणाचं मिश्रण झालंय, कोणता रोग ती घेऊन येईल, काही सांगता येत नाही. पाळणारे म्हणतात की पेट्यांमधल्या पैदाशीमुळे जंगलातली पकड कमी झाली. असेलही. पण त्यामुळे जंगलातलं एक झाडही वाचत नाही, आणि हा कोळी म्हणजे शेवटी एका जुन्या झाडातली ढोली आहे. ढोली गेली की तो गेला. १८९९ मध्ये जे एका ओंडक्याबरोबर झालं, तेच.

तिची कातही आणता येणार नाही. साइट्सच्या नियमात प्राण्याचे अवयव आणि अवशेषही येतात. चार काती एका डब्यात आहेत, त्यातली एक सात पायांची. तो डबा तिच्याबरोबरच जाईल.

तिला घेतोय तो माझा तोच सहकारी. मागच्या रविवारी पेटी न्यायची ठरलं होतं. शनिवारी पाहिलं तर नळीच्या तोंडावर जाळं. त्याला मेसेज केला की आत्ता नको. तो म्हणाला, पण तुझं विमान? मी तिकीट तीन आठवडे पुढं ढकललं. कंपनीला कळवताना 'कौटुंबिक कारण' लिहिलं.

काल बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो माणूस नीट आहे ना? पाणी बघेल ना वेळेवर?"

बघेल, म्हटलं.

"मग ये तू सावकाश. आल्यावर तिरुपतीला जाऊन येऊ. गाडीनंच."